दादाचं निवेदन

माझं टोकन बत्तीस नंबरचं. सभागृहात पंखे गरगरत होते. लोकांच्या छतावरच्या सोलर पॅनेलमध्ये तयार झालेली वीज आमची वीजकंपनी आजवर चढ्या दराने विकत घेत आली. वीस वर्षं हाच दर मिळेल, असं तिने लेखी दिलं होतं. आता तो दर निम्म्यावर आणायचा का, यावर लोकांचं ऐकायला तीन साहेब बसले होते. ऐकतील आणि करायचं तेच करतील, पण ते असो.

त्या चढ्या दराचा भार अधिभार म्हणून सगळ्यांच्या बिलात येतो. माझी लाँड्री आहे. मशीन, ड्रायर, वाफेच्या इस्त्र्या, सगळं विजेवर चालतं. जागा भाड्याची, त्यामुळे छत आपलं नाही. दर उतरला नाही तर महिनाअखेर शटर ओढायचं, हे ठरलेलं होतं. माझ्याकडे कामाला असलेल्या चौघी मागच्या रांगेत बसल्या होत्या. "ताई, चांगलं ठणकावून सांगा," असं त्यांनी मला तीनदा बजावलं होतं.

आणि दादा? घशाच्या ऑपरेशनमध्ये त्याचा आवाज गेला, पाठोपाठ नोकरी गेली. हाताशी होतं नव्हतं ते सगळं त्याने छतावरच्या पॅनेलमध्ये घातलं. दर पडला की त्याची चूल विझली. मी विरोधात बोलणार, हे आठ दिवस त्याला सांगायचं होतं, पण जीभच रेटेना.

सभागृहात मला पाहून तो केवढा खुलला! बोलण्यासाठी जवळ ठेवलेल्या पाटीवर लिहिलं, 'तुझ्या वहिनीला ताप आहे. आता तूच वाच.' आणि माझ्या हातात कागद ठेवला.

मी धावतच टेबलाशी गेले. "साहेब, आधी भावाचं वाचते, मग माझं बोलते."

"एका माणसाला एकदाच बोलता येईल, बाई," कारकून म्हणाला.

"अहो, त्याला बोलताच येत नाही!"

"मग त्यांचं वाचा, नाहीतर तुमचं बोला."

"माझं लेखी घ्या ना."

"लेखीची मुदत काल संपली. बत्तीस, चला!"

माइकपुढे उभी राहिले. समोर दादा, मागे चौघी. वाटलं, इथेच भोवळ येऊन पडावं, म्हणजे कुणाचीच बाजू घ्यावी लागणार नाही. मेली भोवळसुद्धा येईना. शेवटी मी दादाचा कागद उघडला.

ऑपरेशन, नोकरी, लेखी दिलेला शब्द, इथवर नीट वाचलं. पुढे दादाने लिहिलं होतं, 'अधिभाराने छोटे धंदे बुडतात, अशी ओरड होते. एवढ्याने जो धंदा बुडतो, तो मुळात चालवण्यात अर्थ नाही.'

मी ती ओळ मनातल्या मनात पुन्हा वाचली. हे लिहिताना त्याला मी आठवलेही नव्हते. एवढा राग आला की कागदाचे तुकडे करून त्याच्या अंगावर फेकावेत असं वाटलं.

दादाला वाटलं, मला त्याचं अक्षर लागत नाहीये. तो खुर्चीतून अर्धवट उठला आणि आवाज नसलेल्या ओठांनी तेच वाक्य मला सावकाश, एकेक शब्द करून सांगू लागला. लहानपणी मी पाढे विसरले की असाच सांगायचा.

मी ते वाक्य मोठ्याने वाचलं. मागे खुर्च्या सरकल्या, चौघी उठून दाराकडे निघाल्या. दादा हसून मान डोलावत होता. मी पुढचं वाचायला घेतलं.