समाधानी असा शेरा

देवापुढे माणूस नुसता हात जोडून उभा राहिला तरी चालतं, न बोललेलं त्याला ऐकू जातं. सरकारला तसले कान नसतात. पण एका बाईंनी ते कसे कमावले हे मी चार हातांवरून पाहिलं आहे, म्हणून सांगतो.

मी पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार शाखेत हेडक्लार्क. आमच्या मंत्री मॅडम राजकारणात येण्याआधी बावीस वर्षं वॉशिंग मशीन बनवणाऱ्या कंपनीत होत्या, त्यातली शेवटची नऊ सगळ्यांत वरच्या खुर्चीत. ती खुर्ची सोडून निवडणुकीला उभ्या राहिल्या तेव्हा त्यांना लहानाचं मोठं केलेल्या आत्यानंसुद्धा विचारलं होतं म्हणे, तुला काही कमी पडलंय का. त्या म्हणाल्या, काहीच नाही, म्हणून तर.

पहिल्या दिवशी त्या सव्वानऊला शाखेत आल्या. तेव्हा तिथं मी, पंखा आणि झाडूवाल्या मावशी एवढेच हजर होतो. दुसऱ्या दिवसापासून सगळी शाखा नऊच्या आत जिन्यावर धापा टाकताना दिसू लागली. आठवड्यात मॅडमना नाव पडलं, मिनिटकाटा. ते त्यांच्या कानावर गेलं तेव्हा म्हणाल्या, तासकाटा म्हटलं नाहीत हे नशीब, नाहीतर मी हललेली कुणाला दिसलेच नसते.

कंपनीतली पद्धत त्यांनी जशीच्या तशी आमच्याकडे आणली. तक्रार आली की ती त्या भागातल्या इंजिनिअरकडे जायची. त्यानं काम झालं असं कळवलं की आम्ही तक्रारदाराला तीनदा फोन करायचा, पाणी आलं का विचारायला. पलीकडून पंधरा दिवस काहीच आलं नाही, तर तक्रार बंद. कॉम्प्युटर आपोआप शेरा मारायचा, 'समाधानी'. मशीन नीट चालायला लागल्यावर गिऱ्हाईक कशाला फोन करेल? हा नियम आम्हा कारकुनांना किती आवडला म्हणून सांगू. वर्षानुवर्षं छातीवर बसलेले गठ्ठे उठून चालायला लागले. खरी कामंही झाली. मॅडम स्वतः खड्ड्यात उतरून पाइप बघायच्या, साडीला चिखल लागला तर लागला. दहा महिन्यांत एकोणीस हजार तक्रारींच्या उरल्या तीनशे.

हा आकडा मॅडम सभागृहात सांगणार होत्या. मुख्यमंत्र्यांचा निरोप आला होता, की निवेदन चांगलं झालं तर पुढच्या आठवड्यात उद्योग खातं तुमचं. त्यासाठीच तर त्या राजकारणात आल्या होत्या. नव्या कारखान्यांचा आराखडा पहिल्या दिवसापासून त्यांच्या पिशवीत असायचा. कडा मऊ पडल्या होत्या कागदांच्या.

निवेदनाच्या आदल्या दिवशी, अकराच्या सुमाराला, डोंगरापलीकडच्या एका वस्तीवरची नर्स आली. लशी न्यायला शहरात आली होती, थंड डबा खांद्याला तसाच लटकत होता. आमच्या दवाखान्याच्या नळाचं काय झालं, एवढंच तिनं विचारलं. मी तक्रार शोधून स्क्रीन तिच्याकडे वळवला. तिनं शेरा वाचला आणि हसायलाच लागली. हसता हसता डबा टेबलावर ठेवला.

"समाधानी कोण? मी?"

मॅडम तेव्हा पलीकडच्या टेबलाशी उद्याचे आकडे तपासत उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकलं. स्वतः खुर्ची ओढून नर्सला बसवलं आणि समोर बसल्या. इंजिनिअर आला होता, नळ बसवून गेला होता, नळाला पाणी मात्र एक दिवसही आलं नव्हतं. फोन आले तेव्हा दोनदा ती कुणाच्या तरी बाळंतपणात अडकली होती, तिसऱ्यांदा रेंज नव्हती. या दहा महिन्यांत सात बाळंतपणं तिनं खालच्या ओढ्यावरून आणलेल्या दोन-दोन बादल्यांत केली होती. हे सगळं ती अशा आवाजात सांगत होती, जणू शेजारणीला घरातलं सांगतेय.

मॅडमनी विचारलं, मग पुन्हा तक्रार का नाही केली, सिस्टर?

"मॅडम, दुकानातलं मशीन बिघडलं तर माणूस भांडतो, नाही जमलं तर दुसऱ्या दुकानात जातो. आम्ही तुम्हाला सोडून कुठं जाणार? एकदा सांगितलं, मग गप्प बसलो."

मॅडमच्या हातातली पेन्सिल थांबली. मिनिटकाटा थांबलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

नर्स गेल्यावर त्यांनी नुसत्या न बोलण्यामुळे बंद झालेल्या तक्रारी वेगळ्या काढायला सांगितल्या. निघाल्या अकरा हजार. त्यांचे सचिव हळूच म्हणाले, मॅडम, उद्या 'निकाली काढल्या' एवढंच म्हणू, त्यात खोटं काहीच नाही. ह्या अकरा हजारांचं खातेबदल झाल्यावर बघू. मॅडमनी मला विचारलं, तुम्हाला काय वाटतं? वीस वर्षांत कुठल्या मंत्र्यानं मला काही विचारलं नव्हतं, त्यामुळे खरं बोलायची सवयच नव्हती. तरी म्हणालो, चूक आपली आहे, मॅडम. पहिला शेरा पडला तेव्हाच मला खटकलं होतं, पण टेबल मोकळं होत होतं.

त्यांनी मला एका शब्दानं बोल लावला नाही. म्हणाल्या, नियम मी आणला.

दुसऱ्या दिवशी गॅलरीत फायली मांडीवर घेऊन मी देवाचं नाव घेत बसलो होतो. मॅडम उठल्या, लिहून आणलेला कागद घडी करून बाजूला ठेवला.

"दहा महिन्यांचा जो आकडा मी आज या सभागृहाला सांगणार होते तो चूक आहे. अकरा हजार माणसं गप्प होती. मी त्यांना समाधानी समजले."

मग जे व्हायचं ते झालं. बाकं वाजली. विरोधी पक्षनेते हसत म्हणाले, कंपनीत असं झालं असतं तर बाईंना एव्हाना घरी बसवलं असतं.

"कंपनीत हे कधी कुणाच्या लक्षातच आलं नसतं," मॅडम म्हणाल्या. "म्हणून तर मी इथं आले."

विरोधी पक्षनेते खाली बसले.

उद्योग खातं दुसऱ्याला गेलं. ज्यांना मिळालं त्यांच्या घरी मॅडम तो आराखडा स्वतः देऊन आल्या. इकडे शाखेतला शेरा बदलला. आता कॉम्प्युटर लिहितो, 'गप्प', तेही लाल अक्षरांत, आणि गप्प माणसाची वस्ती यादीत सगळ्यांत वर. फोनवर भागवायचं नाही, जाऊन नळ सोडून बघायचा. दर शनिवारी मॅडम जातात आणि आम्हालाही पिटाळतात. माझे गुडघे त्यांच्या नावानं बोटं मोडतात, पण पुण्याचं काम आहे हे त्या गुडघ्यांनाही कळतं.

नर्सच्या वस्तीवरची लाइन वरच्या टाकीपासून नव्यानं टाकायला पाच महिने लागले. पाणी आल्याला आठवडा झाला नसेल, तोच शाखेत तिचा फोन आला. चांगलीच तापली होती. सकाळी धार बारीक येते, इंजिनिअर उडवाउडवीची उत्तरं देतो, ही काय पद्धत झाली, मॅडमना द्या फोन. मी घाबरतच तो नेऊन दिला. मॅडम सगळं ऐकत होत्या, मधूनमधून हो सिस्टर, चुकलंच सिस्टर, म्हणत होत्या, आणि त्यांचा चेहरा देव भेटल्यासारखा उजळला होता.

फोन ठेवून म्हणाल्या, "लिहा. तक्रार नवी. तक्रारदार भांडतायत." मग स्वतःशीच, "देवाची कृपा."