कारखान्याचं शेवटचं चाक

मी बोलतेय, भट्टीवरची लाडल. वितळलेलं लोखंड साच्यापर्यंत नेणारी जाड बादली. पुढे-मागे लांब दांडे आहेत मला, आणि दोन माणसांशिवाय मी जागची हलत नाही. नखरे म्हणा हवं तर.

मला उचलतात ते दोन भाऊ, आणि मला घडवलं त्यांच्या वडिलांनी, जुन्या टाकीचा पत्रा ठोकून. तेव्हा कारखाना म्हणजे एक भट्टी आणि वर छप्पर. त्यातूनच गटारांची झाकणं निघाली, पंपांची चाकं निघाली, पोरांची शिक्षणं आणि लग्नंही निघाली. वडील गेले आणि मागचा दांडा थोरल्याकडे आला. मागचा माणूस मला वाकवतो, म्हणून मान त्याचा. पुढे धाकटा. माझ्या झळाळीपुढे मागच्याला जमीन दिसत नाही, तेव्हा पुढच्याने बोलत चालायचं: खड्डा, डावीकडे, थांब.

गेल्या वर्षी धाकटा म्हणाला, कारखाना बंद करू. थोरल्याचं डोकंच फिरलं. वडिलांचं नाव विकायला निघालास, म्हणाला. तेव्हापासून घरात अबोला. फक्त मला उचललं की धाकट्याला बोलावंच लागे.

खरं कारण धाकट्याने कधी तोंडातून काढलं नाही. जन्मभर भट्टीत डोकावून थोरल्याची नजर जवळजवळ गेली होती. आणि हा थोरला पठ्ठ्या ते कबूल करेल तर शपथ!

परवा पंपाचं चाक ओतायचं होतं. थोरल्याने मला वाकवलं आणि लोखंड साच्याच्या तोंडात न जाता वाळूवर पडलं, धाकट्याच्या पायापासून वीतभर लांब.

"भरला का साचा?" थोरल्याने विचारलं.

धाकट्याने पाय मागे घेतला. मग म्हणाला, "भरला, दादा. उरलेलं मी बघतो."

थोरला हात धुवायला गेला, तशी धाकट्याने वहिनीला हाक मारली. माझ्यातलं लोखंड थंडावत चाललं होतं. तिने एका नजरेत सगळं ओळखलं आणि पुढचा दांडा धरला. मी जीव मुठीत धरून होते. दोघांनी साचा भरला.

सकाळी थोरल्याने चाकाच्या कडा चाचपल्या. "हात अजून बसलेला आहे," तो म्हणाला. "आता बंद केलं तरी चालेल." धाकट्याने तोंड फिरवून डोळे पुसले.

मी आता कोपऱ्यात पालथी पडलेय. भंगारवाला बघून गेलाय. माझं व्हायचं ते होवो. थोरला दारात बसून आल्यागेल्याला त्या चाकाबद्दल सांगतो. भेटलाच तर नीट ऐकून घ्या. आणि ते कुणी ओतलं, ते मात्र त्याला सांगू नका.