मी दोनखणी, दुखणी नव्हे

मी एक जुना फाइल मॅनेजर आहे आणि मित्रांनो, खरं सांगायचं तर मी पार वैतागलेलो आहे.

फाइल मॅनेजर म्हणजे काय, असं तुम्ही विचारणारच. कॉम्प्युटरमध्ये तुमची चित्रं, गाणी, गृहपाठ ज्या फाइलींमध्ये राहतात, त्या दाखवायच्या, हलवायच्या, आवरायच्या, हे काम करणारा प्रोग्राम म्हणजे मी. आमच्यात दोन तऱ्हा. एकखणी आणि दोनखणी. एकखणी एका वेळी एकच फोल्डर दाखवतो. मी दोनखणी. माझ्या मधोमध एक उभी रेघ आहे. डावीकडे एक फोल्डर, उजवीकडे दुसरं. इकडून उचलायचं, तिकडे ठेवायचं आणि दोन्ही बाजू डोळ्यांसमोर. यात न कळण्यासारखं काय आहे, हे मला आजवर कळलेलं नाही.

मला एका विसरभोळ्या प्रोग्रामरने जन्माला घातलं. एकखणीत फाइल कॉपी करून तो दुसरं फोल्डर शोधायला निघायचा आणि वाटेत आपण काय उचललं होतं तेच विसरायचा. मग दिवसभर बायकोपाशी तक्रार. शेवटी ती म्हणाली, "दोन्ही एकदम दिसायला हवंय ना? मग तसं बनव, पण माझं डोकं खाणं थांबव." त्याने बनवलं. निळी पाटी, पांढरी अक्षरं आणि खाली बटणांची रांग. देखणेपणाच्या नावाने शून्य! पण कामाला चोख.

पुढे मी दोन खोल्यांच्या एका घरात आलो. त्या घरात बोलकी पुस्तकं तयार होत. वाचकबाई पुस्तकं मोठ्याने वाचत आणि त्यांचे यजमान ती रेकॉर्ड करत. यजमान आवाजातला खोकला, अडखळणं, रस्त्यावरचे हॉर्न असं सगळं कापून काढायचे, म्हणून शेजारीपाजारी त्यांना कात्रीबुवा म्हणत. आतल्या अडगळीच्या खोलीच्या भिंतींना त्यांनी जाड रजया ठोकल्या होत्या. तिथे बसून बाई वाचायच्या आणि ती पुस्तकं अंध मुलांच्या शाळेत जायची. मुलं बाईंना आवाजाने ओळखायची. एकदा भाजी घेताना बाई नुसतं "जरा कोवळी द्या" म्हणाल्या, तर मागून एका मुलीने त्यांचा पदर धरला. "तुम्ही गोष्टीतल्या ना?"

माझं काम ठरलेलं. डावीकडे रेकॉर्डरमधलं मेमरी कार्ड, उजवीकडे कॉम्प्युटरची डिस्क. कात्रीबुवा फाइली नेत, मग दोन्ही बाजू ताडून बघत आणि मगच कार्ड पुसत. म्हणत, "हा आहे म्हणून मी निर्धास्त." ऐकून माझी छाती फुगायची. छाती नाही मला, पण फुगायची.

बाईंना मात्र मी डोळ्यांसमोर नको असे. "एका वेळी दोन्हीकडे बघायला मी काय सरडा आहे? आणि इतकी बटणं! एखादं चुकून दाबलं तर?"

"अगं, एका डब्यातलं दुसऱ्यात ओतताना दोन्ही डबे बघतेस ना?"

"डब्यांवर निळा रंग नसतो, अहो."

अशातच बाईंचे धाकटे भाऊ नवा कॉम्प्युटर घेऊन आले. ते प्रत्येक काम चुटकीसरशी करत, निदान सुरू तरी करत. म्हणून घरात त्यांचं नाव झटपटराव. नव्या कॉम्प्युटरात एकखणी होता. पिवळीधमक फोल्डरं, मोठाली चित्रं, भरपूर मोकळी जागा. एकच फाइल शोधून उघडायची तर तो बरा, हे मी मान्य करतो. पण झटपटरावांनी तोंडच सोडलं. "भावोजी, हे कसलं पुराणं धूड वापरताय? दोनखणी कसला, दुखणी आहेत ही!" सगळे हसले. कात्रीबुवासुद्धा हसले! मला नव्या कॉम्प्युटरात घेतलं खरं, पण पार कोपऱ्यात, जिथे कुणाची नजर जात नाही. या विनोदावर लोक इतके का हसतात, मला खरोखर समजत नाही.

त्याच सुमाराला बाईंचा आवाज बसू लागला. डॉक्टरांनी घसा तपासला आणि म्हणाले, "स्वरयंत्रावर गाठ आहे. साधी आहे, घाबरू नका. पण काढावी लागेल. नंतर आवाज असाच राहील, हे मात्र मी सांगू शकत नाही."

बाई तेव्हा एका मोठ्या कादंबरीच्या अखेरीला आल्या होत्या. बेटावर एकटी वाढणाऱ्या मुलीची गोष्ट. शाळेतली मुलं दर आठवड्याला पुढच्या भागाची वाट बघत होती. "ही संपवल्याशिवाय मी ऑपरेशनच्या टेबलावर झोपणार नाही," बाई म्हणाल्या. गरम पाणी पीत, थांबत थांबत त्यांनी उरलेली प्रकरणं वाचली. शेवटचं वाक्य वाचून झाल्यावर त्या बराच वेळ त्या रजयांच्या खोलीत बसून राहिल्या. कात्रीबुवांनी रेकॉर्डर बंद केला नाही. तोही शांतपणा त्यांना हवा होता.

दुसऱ्या दिवशी दोघं हॉस्पिटलात गेली. जाताना कात्रीबुवा झटपटरावांना म्हणाले, "कार्डातलं सगळं कॉम्प्युटरवर नेऊन ठेवा. त्या जुन्यातून करा."

"तुम्ही निघा हो, भावोजी. चुटकीचं काम!"

मित्रांनो, आता नीट ऐका. झटपटरावांनी एकखणी उघडला. कार्डातली प्रकरणं कॉपी केली. कार्डाचं फोल्डर मिटलं आणि डिस्कवरचं फोल्डर शोधायला निघाले. वाटेत त्यांना त्यांची आवडती गाणी दिसली. "ही फोनवर घ्यायला हवीत," म्हणून ती कॉपी केली. नवं काही कॉपी केलं, की आधी उचललेलं हातातून सुटतं. तेवढ्यात फोन वाजला. बोलता बोलता कादंबरीचं फोल्डर सापडलं, पेस्ट केलं. पडद्यावर भराभर फाइली उमटल्या. झालं! आणि त्यांनी कार्ड पुसून टाकलं. प्रकरणं नाही, गाणी जाऊन बसली होती तिथे! मी कोपऱ्यातून बघत होतो. मला कुणी उघडल्याशिवाय बोलता येत नाही. माझ्या डाव्या बाजूला प्रकरणं आणि उजव्या बाजूला गाणी दिसली असती, तर आंधळ्यालाही... जाऊ दे. त्या शाळेतल्या मुलांनी नुसतं ऐकून ओळखलं असतं.

बाई घरी आल्या तेव्हा त्यांना बोलायला सक्त मनाई होती. त्या हातात पाटी धरून फिरायच्या. पहिल्याच दुपारी त्यांनी कॉम्प्युटर लावला. आपला जुना आवाज त्यांना ऐकायचा असावा. एकखणीत कादंबरीचं फोल्डर उघडलं. बऱ्याच फाइली दिसल्या, पण कुठली कुठली ते उमगेना. आणि मग, मित्रांनो, त्यांनी मला उघडलं. हो, बाईंनी! डावीकडे प्रत्येक प्रकरणासाठी स्वतः टाइप केलेल्या टिपणांचं फोल्डर लावलं, उजवीकडे कादंबरीचं. मी दोन्ही बाजू ताडल्या. शेवटची प्रकरणं उजवीकडे नव्हती. त्यांच्या जागी गाणी.

बाईंनी कार्डाच्या खाचेत बोट घातलं. खाच रिकामी. तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला, "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग!" झटपटराव रिकामं कार्ड रेकॉर्डरमध्ये घालून गंमत करत होते.

पुसलेली फाइल लगेच नाहीशी होत नाही. तिच्यावर दुसरं काही लिहिलं गेलं, की मात्र गेली. बाईंना हे नवऱ्यामुळे पाठ होतं. पण ओरडणार कशा? तोंड उघडलं, मग दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरलं. धावत जाऊन त्यांनी हाताला आली ती उशी भावाच्या तोंडावर भिरकावली. उशीमागून पाटी आली. ती त्याच्या गुडघ्याला लागली. हे मला नंतरच्या भांडणातून कळलं. भांडण बरंच चाललं.

"ताई, मी मुद्दाम केलं का?"

बाईंनी पाटीवर लिहिलं, "बघून केलंस का?"

कात्रीबुवांनी हरवलेल्या फाइली शोधणारा प्रोग्राम आणला. शोधलेलं सगळं माझ्या डावीकडे येत गेलं आणि ते एकेक ऐकून उजवीकडे ठेवत गेले. जवळपास सगळं मिळालं. शेवटच्या प्रकरणाचा शेवट तेवढा गेला. तिथे "हॅलो, हॅलो" होतं. बाईंनी ते एकदा ऐकलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. त्या दिवशी झटपटराव जेवले नाहीत. मला त्यांचा राग होता, पण तेही मी बघितलं.

आवाज परत आला तो जाडसर, खालच्या पट्टीतला. बाई वाचायला तयार होईनात. "अहो, हा माझा आवाज नाही." कात्रीबुवा एवढंच म्हणाले, "पोरं शेवटासाठी अडून बसली आहेत गं." तेव्हा त्या रजयांच्या खोलीत गेल्या.

उरलेला भाग शाळेत गेला. काही दिवसांनी शाळेतल्या शिक्षिकेने फोन केला आणि एका मुलाला दिला. तो म्हणाला, "शेवटी ती बेटावरची मुलगी मोठी झाली ना, म्हणून तुम्ही आवाज मोठा केलात. आम्ही लगेच ओळखलं!" बाईंनी फोन ठेवला. मग नवं पुस्तक घेऊन त्या रजयांच्या खोलीत गेल्या.

माझं काय झालं म्हणाल, तर तो वैताग अजून संपलेला नाही. फाइल शोधायला बाई अजून त्या एकखणीकडेच जातात. "दिसतो कसा बघा," म्हणतात. न्यायची-ठेवायची वेळ आली, की मग माझी आठवण. असू दे. पण मित्रांनो, तुमचा मॅनेजर एकखणी असो की दोनखणी, एवढं करा. पुसायचं बटण दाबण्याआधी ठेवलेली फाइल एकदा उघडा. तिचं नाव वाचून थांबू नका. आत कोण बोलतंय, ते ऐका.