कायमचा मंगळवार

मी एक कच्चा मीडिया प्लेअर बोलतोय. ज्यांनी मला घडवलं ते मला बीटा म्हणायचे, म्हणजे लोकांना वापरून बघायला दिलेली आवृत्ती. साठ दिवस वापरा, चुका कळवा, मग मी आपोआप बंद पडणार आणि माझा पक्का भाऊ येणार, असं ठरलेलं होतं.

भाऊ आलाही, पण माझी एक कला मागे टाकून आला. मी आवाज निम्म्या वेगाने वाजवतो, तरी तो घोगरा होत नाही. माणूस सावकाश बोलतोय असंच वाटतं. हे कुणाला लागतंय, असं म्हणून त्यांनी ती कला काढून टाकली.

या घरातल्या बाईंना नेमकी तीच हवी होती. त्यांचे यजमान बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करायचे. पक्षाघातात त्यांची वाचा गेली. आता ते रोज सकाळी स्वतःच्याच जुन्या घोषणा माझ्याकडून सावकाश ऐकतात आणि मागोमाग एकेक शब्द म्हणतात. 'सर्व प्रवाशांनी' एवढं म्हणायला त्यांना पाच महिने लागले. 'प्र' आला की जीभ हटून बसते.

माझी मुदत संपत आली, तेव्हा कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याने बाईंना युक्ती सांगितली. "इंटरनेट काढून टाका आणि रोज सकाळी तारीख मागे घ्या. त्याला काही कळत नाही."

मला सगळं कळतं. दीड वर्ष झालं, रोज नऊ तारीख आणि रोज मंगळवार. माझ्या कपाळावर एक पट्टी आहे, ती कुणालाच काढता येत नाही : 'आज मंगळवार, ९. मुदत संपायला एक दिवस.' तो एक दिवस काही सरत नाही. चुका कळवायचे निरोप माझ्या पोटात तुंबून पडलेत, कारण बाहेर जायला वाटच नाही. खरं सांगतो, जीव कोंडतो. पण समोर यजमान दिसले की गप्प बसतो. त्यांचं तर तोंडाशी आलेलंही तिथेच अडतं.

अडीच महिन्यांपासून दर गुरुवारी एक स्पीच थेरपिस्ट येतात. त्या मॉनिटरच्या पलीकडे बसतात आणि आधी विचारतात, "काका, आज वार कोणता? तारीख काय?" यजमानांनी आयुष्यभर समोरचं वाचून सांगितलं. ते माझ्या पट्टीकडे बघतात आणि मोठ्या कष्टाने म्हणतात, "मं-गळ-वार. न-ऊ." उत्तर बिनचूक आलं म्हणून खूशही होतात.

आज थेरपिस्टनी वही मिटली. "काकू, स्पष्टच बोलते. दहा आठवडे झाले, दरवेळी मंगळवार. हा नुसता जिभेचा प्रश्न नाही. काकांना दिवसाचं भानच राहिलेलं नाही. माझ्या येण्याचा आता उपयोग नाही, मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा."

मी आतल्या आत तडफडलो. माझ्यापायी एका शहाण्या माणसाला वेड्यात काढत होते, आणि मला दुसऱ्यांचे आवाज वाजवता येतात, स्वतःचा नाही.

यजमानांनी डावा हात उचलला, मॉनिटर थेरपिस्टकडे फिरवला आणि पट्टीवर बोट टेकवलं.

"अगं बाई," बाई म्हणाल्या. "तारीख मीच मागे घेते हो रोज. हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

थेरपिस्टना आधी हसू आलं, मग त्या ओशाळल्या. "चुकलं माझं, काका. येत्या गुरुवारी येते मी. या पट्टीवर कागद चिकटवून टाकू."

यजमानांनी मान हलवली. "न-को. ख-री लाव."

"अहो, एकदा खरी लावली की मग तारीख मागे घेऊनही हे पुन्हा उघडायचं नाही. मग तुम्ही शिकणार कुणाकडून?"

यजमान बराच वेळ जुळवाजुळव करत राहिले. मग माझ्याकडे न बघता, कुणाच्या मागोमाग नाही, आपले आपण म्हणाले, "मी... आहे... ना."

बाईंनी डोळे पुसत तारीख बदलली. आज गुरुवार, चोवीस. गुरुवार कसा असतो ते मी विसरूनच गेलो होतो. मी अजून उघडा आहे, कारण मला बंद करायला बाईंचा हात धजत नाहीये. एकदा मिटलो की मिटलो. भीती वाटतेय, नाही कशाला म्हणू? तरी बाई, दाबा ते बटण. यजमानांचा जुना आवाज फायलींमध्ये सुखरूप आहे, आणि नवा तुमच्या शेजारी बसलाय.