दोन जादा चकत्या

"पियानो उत्तम लागलाय," असं मॅनेजरला सांगून संध्याकाळी वाजवणारे सर सकाळची तालीम आटोपून जेवायला गेले. माझ्याकडे पाहिलंही नाही. बरंच झालं. सभागृह रिकामं झालं तशी मी पट्ट्यांची चौकट बाहेर ओढली. प्रत्येक पट्टीखाली नमद्याच्या, दाबलेल्या लोकरीच्या, चकत्या असतात. पट्टी किती खोल दबायची ते त्या ठरवतात. मधल्या एका काळ्या पट्टीखाली मी दोन चकत्या जादा सरकवल्या. आता ती पुरती दबणार नाही, हातोडी तारेपर्यंत पोचणार नाही. सव्वीस वर्षं या सभागृहाचा पियानो मी जुळवतेय, असलं पाप कधी केलं नव्हतं. वाईट मात्र वाटलं नाही, खोटं कशाला बोलू?

दादा हॉटेलांत जॅझ वाजवायचा. तिथले पियानो म्हणजे नुसती खोकी; चार पट्ट्या मुक्या, दोन अडकलेल्या. कुठली पट्टी दगा देते ते दादा दोन मिनिटांत हेरायचा आणि तिला अशी बगल द्यायचा की वाटावं, चाल मुळातच अशी असणार. संगीतशाळेत शिक्षकाची जागा निघाली तेव्हा परीक्षक हेच सर. दादाला अर्ध्यात थांबवून सगळ्यांदेखत म्हणाले, "जेवताना ठीक आहे हे. संगीत वेगळं." त्यानंतर दादाने पियानोला हात लावला नाही. गोदामात पेट्या मोजत राहिला आणि गेल्या वर्षी गेला. वहिनी म्हणते, "हे त्या परीक्षेच्या दिवशीच गेले होते."

संध्याकाळी पहिल्याच रचनेत पट्टी मुकी निघाली. मध्यंतरात मॅनेजर घामाघूम होऊन आला. तासाभराचं काम आहे, असं मी ठोकून दिलं. पाच मिनिटांचं होतं. मग सर स्वतः आले.

"गाळा की ती पट्टी," मी म्हणाले. "बगल देऊन जा. माझा भाऊ जायचा."

"कोण भाऊ?"

मी सांगितलं. शाळा, ती जागा, ते वाक्य. सर आठवत उभे राहिले.

"नाही आठवत," ते म्हणाले. "पण मला तसं जाता येत नाही. लिहिलंय तेवढंच येतं मला."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ज्या वाक्यानं आमचं घर बसलं, ते या माणसाच्या लक्षातही नाही! त्याची फजिती डोळे भरून बघायची म्हणून मी शेवटच्या रांगेत जाऊन बसले.

पुढची संथ रचना नेमकी त्याच सुरावर परत परत येणारी. सरांनी तो एकदाही गाळला नाही. दर वेळी बोट त्याच वजनानं, वेळेवर त्या मुक्या पट्टीवर ठेवलं आणि सूर जितका वेळ वाजला असता तितका वेळ थांबले. पाचव्या-सहाव्या वेळेपासून मला तो ऐकू यायला लागला. दादाला हे ऐकवायला हवं होतं, असं मनात आलं आणि मला माझीच चीड आली.

मॅनेजरने उद्या दुसरा कारागीर बोलावलाय; तो चौकट ओढेल, मी तशाच ठेवलेल्या चकत्या बघेल आणि माझं नाव मातीत जाईल. जाऊ दे.

वाजवणं संपलं तसं सभागृह उभं राहिलं. माझेही हात टाळीसाठी उठत होते. मी ते मांड्यांखाली दाबले आणि टाळ्या थांबेपर्यंत तशीच बसून राहिले.