दोनच वर्षांचा क्वार्टरबॅक

अमेरिकेतल्या श्रूजबरीच्या शेजारगावातल्या हायस्कूलमध्ये राजाराम मेश्राम अठरा वर्षं गणित शिकवत होते. अमेरिकन फुटबॉलमधलं त्यांना आकड्यांपुरतंच कळायचं, आणि म्हणूनच शाळेच्या हॉल ऑफ फेम समितीवर, म्हणजे गाजलेल्या माजी खेळाडूंचे फोटो भिंतीवर लावायला निवडणाऱ्या मंडळावर, त्यांना घेतलं होतं. यंदा क्वार्टरबॅक एकच निवडायचा होता. क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू हातात घेऊन सगळा खेळ चालवणारा गडी. जिंकलं तर त्याचा जयजयकार, हरलं तर त्याच्याच नावानं शिमगा.

नावं दोन. ब्रेट हॅलोरन आणि गिल मेडेरोस.

गिलचं नाव यादीत पाहिल्यापासून राजाराम रात्र रात्र पेपर तपासत बसत होते. बायकोच्या, कांताच्या, लक्षात आलं होतं. "पेपर तपासताय की स्वतःलाच?" तिनं सकाळी चहा ठेवत विचारलं, आणि भांडी लावता लावता सासूच्या ओव्यांतली एक ओवी गुणगुणली. मुद्दाम नव्हे, सवयीनं:

लपविली चूक, उशाखालचा गं काटा
कूस बदलता बदलता उजाडल्या वाटा.

राजाराम चहा अर्धा टाकून उठले.

दुपारी चारला शाळेच्या लायब्ररीत सातजण जमले. दातांचा डॉक्टर अनिल देवकर सगळ्यात आधी येऊन बसला होता. त्याची दोन्ही मुलं याच शाळेत शिकलेली. सातारचा हा गडी आता फुटबॉलवर अमेरिकनांपेक्षा जास्त भांडायचा.

"सर, यात डिबेट करण्यासारखं काय आहे यार?" तो राजारामांशी मराठीतच बोलला, मग सगळ्यांसाठी इंग्रजीत. "ब्रेट तीन वर्षं खेळला. चोवीस मॅच जिंकला. चॅम्पियनशिप आणली."

"गिलचा हात बघितला होतास का तू?" म्हातारे कोच फिनर्टी म्हणाले. "तो चेंडू फेकायचा नाही, पाठवायचा. दोन वर्षांत एक्केचाळीस टचडाउन."

"दोनच वर्षांत! तिसऱ्या वर्षी कुठे होता? गणितात नापास, म्हणून नियमानं टीमबाहेर घरी बसला. टीम बिचारी नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या शेवटच्या मॅचपर्यंत मार खात राहिली. उद्या पोरं भिंतीवरचा फोटो बघून काय शिकणार? अभ्यास नाही केला तरी चालतं?"

फिनर्टींनी मान खाली घातली. "ते खरंच आहे. त्या वर्षी मी टीमसमोर उभं राहून सांगितलं होतं, मेडेरोसनं तुम्हाला दगा दिला. म्हणून तर आज मला जोर देऊन बोलता येत नाही."

सगळ्यांनी राजारामांकडे पाहिलं. गणिताचे सर तेच.

सोळा वर्षांपूर्वी जूनमध्ये गिलला पास होण्यासाठी एक प्रोजेक्ट द्यायचा होता. "मी दिला, सर, तुमच्या खोलीबाहेरच्या खोक्यात टाकला," असं तो तीनदा सांगायला आला. राजारामांनी खोकं पाहिलं, टेबल पाहिलं, आणि नापास लिहिलं. थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी दुसऱ्याच एका वर्गाच्या फाइलीतून तो प्रोजेक्ट निघाला. लाल पेन घेऊन त्यांनी तपासला. अठ्ठ्याहत्तर गुण. मोसम संपला होता. शाळेतलं राजारामांचं दुसरंच वर्ष. करार नवा व्हायचा होता, व्हिसा करारावर लटकलेला, घरात तान्ही मुलगी उपासना. त्यांनी ते कागद रद्दीच्या निळ्या डब्यात टाकले, आणि वर दोन वर्तमानपत्रं.

आज कुणी त्यांना काही विचारलंसुद्धा नव्हतं. नुसतं "मला आकड्यांपलीकडे माहीत नाही," म्हटलं असतं तरी निभावलं असतं.

"तो नापास नव्हता," राजाराम म्हणाले. "मी केला." आणि मग रद्दीच्या डब्यापर्यंत सगळं सांगून टाकलं.

अनिलनं चष्मा काढला. "सर... सोळा वर्षं?" तो मराठीत, हळूच म्हणाला. फिनर्टी खिडकीतून रिकाम्या मैदानाकडे बघत राहिले.

मतं पडली. गिलला सातपैकी सहा. राजारामांनी मत दिलं नाही.

शनिवारी त्यांनी गिलला फोन केला. तो आता घरोघरच्या हीटिंगच्या भट्ट्या दुरुस्त करायचा. राजारामांचं सगळं बोलून झाल्यावर पलीकडे कुठल्याशा तळघरातलं घरघरणारं यंत्र त्यानं बंद केलं.

"मला माहीत होतं मी दिलाय," गिल म्हणाला. "पण मिस्टर मेश्राम, सगळे इतके म्हणाले, की पुढे मलाच वाटायला लागलं, दिला नसेल."

"मी... काय करू, सांग."

"फोटो लावा नाहीतर नका लावू. माझ्या आईला सांगाल? माझ्या तोंडून नको. तुमच्या."

मिसेस मेडेरोस शाळेजवळच राहायच्या. पंच्याहत्तरीची, ताठ कण्याची बाई. तिनं राजारामांना स्वयंपाकघरात बसवलं, आणि सगळं ऐकून घेतलं.

"थँक्सगिव्हिंगच्या सकाळी," ती म्हणाली, "मॅचच्या बँडचा आवाज इथपर्यंत येतो. त्या वर्षी मी त्याला याच टेबलाशी बटाटे सोलायला बसवलं. म्हटलं, आळश्यांचं हेच काम. तो म्हणाला, आई, मी दिला होता. मी खिडकी लावून घेतली."

"चूक माझी होती. तुमचा काही दोष नाही."

"असं कसं?" तिनं पहिल्यांदाच त्यांच्याकडे सरळ पाहिलं. "तुम्ही मास्तर. मी आई होते ना त्याची? तुम्ही आज सांगून मोकळे झालात. मी कुठे जाऊ?"

राजाराम मोकळे झाले नव्हते. पण ते तिला सांगायचा हक्क आपल्याला नाही, एवढं त्यांना कळलं. ते उठू लागले.

"बसा," ती म्हणाली. "तुमचं मी ऐकलं. आता हे तुम्ही ऐका."

तिनं फोन टेबलावर ठेवला, स्पीकर लावला आणि मुलाचं नाव दाबलं. दोन घंट्या वाजल्या.

"मॉम?" गिलचा आवाज आला. "मॉम, काय झालं?"

तिनं फोन जवळ ओढला. "तू प्रोजेक्ट दिला होतास, गिल," ती म्हणाली. राजाराम खुर्चीची कड धरून बसून राहिले.