पायजम्यातल्या शंभर बैठका

"शंभर!" आष्ट्याच्या मंडपात एकच आरोळी उठली. साठीतला जोतिबा पैलवान शेवटची बैठक मारून काढेबाबांच्या पाया पडला.

"बघा, माऊल्यांनो! याच्या काळजाच्या तीन नळ्या बंद हुत्या. ना चिरफाड, ना टाका! पंधरा दिवस अंथरूण आन् माझा काढा. खलास!"

अहो, काढ्यात होतं काय? आलं, गूळ आणि बाबांची फुंकर!

गर्दीत प्रियदर्शनी दात-ओठ खात उभी होती. ती मिरजेत हृदयरुग्णांच्या वॉर्डात नर्स. सोमवारी तिच्या पैलवान वडिलांची, दादासोंची, बायपास ठरलेली. आणि शेजारी म्हातारा पंधरा दिवस काढा पिऊन हट्ट धरून बसलेला.

"मी न्हाई कापून घेणार. पंधरा दिवसांत एकदा बी कळ आली न्हाई."

"आवं दादा, पंधरा दिवस खाटेवरनं उठलाय कवा? निवांत पडलेल्या काळजाला रक्त कमी लागतं, अरुंद नळीतनं बी भागतं. चढ चढला की लय लागतं, तितकं मिळत न्हाई, मग कळ येती. म्हणून तर दवाखान्यात चालवून तपासत्यात."

"मग ह्यो शंभर बैठका कशा मारतोय?"

प्रियदर्शनीनं जोतिबाकडं पुन्हा निरखून पाहिलं. पैलवानाचीच लेक ती!

"दादा, तालमीत सदरा-पायजमा घालून बैठका कोण मारतं?"

दादासो ताडकन उठले. "जोतिबा, लंगोटावर मार की रं!"

"त्याचं व्रत हाय!" बाबा ओरडले. "मांडी दिसली की गुण जातो!"

"गुण काय मांडीवर बसतोय व्हय?" प्रियदर्शनीनं विचारलं. सगळा मंडप हसला.

"गड्या, तुला तालमीच्या मातीची आण हाय," दादासो म्हणाले.

जोतिबाची मान खाली गेली. त्यानं पायजमा वर ओढला. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत लांबलचक व्रण!

"पायातली शीर काढून काळजाला नवी वाट करून दिलीया," प्रियदर्शनी कडाडली. "हीच बायपास!"

"दोन वर्सं झाली," जोतिबा पुटपुटला. "त्याआधी जिना बी चढवत नव्हता."

बाबा मंडपामागून सटकत होते. पोरांनी गाडी अडवून पोलिसांना फोन लावला.

"सोमवारी किती वाजता जायचं गं?" दादासोंनी विचारलं. प्रियदर्शनीच्या डोळ्यांत पाणी आलं.

बाबांनो, कळ थांबली म्हणजे रोग गेला असं नसतं. बऱ्या झालेल्या माणसाला शंभर प्रश्न विचारा, कागद मागा, अंग तपासा. आणि जो तपासू देत नाही, त्याच्या हाती जीव देऊ नका.